हिल्काच्या कोठीचं दार

त्या तक्त्यात अकरा ओळी होत्या आणि अकराही मीच भरल्या होत्या. डाव्या रकान्यात तळ्यापलीकडच्या लेहतोनिएमीची शाळा, उजव्या रकान्यात अलीकडच्या, पालिकेची कचेरी असलेल्या चर्चगावची. वाणिज्य विद्यालयातून उशिराच बाहेर पडलो तो थेट पालिकेच्या कचेरीत शिरलो, त्याला आता अडतीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत माझा एकही तक्ता दुरुस्तीसाठी परत आला नव्हता. हे मी मिरवत नसे, पण विसरतही नसे.

पालिकेत मुलं कमी होत चालली होती. दोन प्राथमिक शाळा कशाला हव्यात, असा प्रश्न जानेवारीत सभेपुढे आला आणि दोन्ही शाळांची तुलना करून ठेवायचं काम माझ्याकडे आलं. पटसंख्या : एकोणीस आणि दोनशे चार. शिक्षक : दोन आणि सतरा. व्यायामशाळा : नाही आणि आहे. वाचनालय : एक कपाट आणि एक दालन. असं करत करत सातवी ओळ, दोन शाळांमधलं अंतर. या ओळीवर माझा विशेष जीव होता, कारण ती मी कुणाला विचारून लिहिली नव्हती. फेब्रुवारीत दोन वेगवेगळ्या दिवशी स्वतःच्या गाडीने गेलो. धक्क्यावरून गोठलेल्या तळ्यावर उतरलो, बर्फ फुटलं तर चटकन बाहेर पडता यावं म्हणून नियमाप्रमाणे कमरेचा पट्टा सोडला, वाट दाखवायला कडेने रोवलेल्या फांद्यांच्या मधून सरळ पलीकडे. दोन्ही वेळा सहा किलोमीटर चारशे मीटर. नऊ मिनिटं. मी लिहिलं आणि खाली सही केली.

मार्चमध्ये तो तक्ता पालिकेच्या फळ्यावर लागला, दुकानात लागला, आणि लेहतोनिएमीच्या शाळेत लावायला मी स्वतः गेलो. तिथे हिल्का होती.

हिल्का तारवाइनेन त्या शाळेत एकतीस वर्षं स्वयंपाक करत होती. स्वयंपाक, झाडलोट आणि बिघडेल ते नीट करणं, या तिन्हींचा मिळून तिला एकच पगार. बुटकी, रुंद खांद्यांची, बाह्या कायम कोपरापर्यंत दुमडलेल्या. तिचे वडील बर्फावरच्या रस्त्याचे राखणदार होते. बर्फाला भोक पाडून जाडी मोजायची आणि गाड्या सोडायच्या की नाही ते ठरवायचं, हे त्यांचं काम. एका वर्षी पालिकेच्या अध्यक्षांची गाडीसुद्धा त्यांनी काठावर तीन दिवस अडवून ठेवली होती. हिल्का त्यांच्यावर गेली. तरुणपणी दोन वर्षं स्वीडनमध्ये कारखान्यात काम करून आली, पण तिथला मुकादम जेवताना घड्याळ बघतो म्हणून ते सोडलं. आल्यावर लौरीशी लग्न केलं. तो तळ्यात मासे धरतो आणि कमी बोलतो. बोलायचं खातं दोघांच्या वतीने तीच सांभाळते.

मध्ये एकदा सगळ्या शाळांना एकच भोजनपत्रिका लागू झाल्याचं परिपत्रक निघालं. हिल्काने त्यावर ‘वाचलं’ असं लिहून ते परत पाठवलं आणि तिचं गुरुवारचं वाटाण्याचं सूप चालूच ठेवलं. परिपत्रक माझ्याच सहीने गेलं होतं. मी तिच्याबरोबर याच शाळेत एका बाकावर शिकलो आहे. ते परत आल्याचं मला नवल वाटलं नाही.

मी तक्ता लावला तो दिवसही गुरुवारच होता. ती हातातल्या डावासकट बाहेर आली आणि वरून खाली वाचू लागली.

“हे कोणी केलंय?”

“मी.”

“दिसतंच आहे. पट्टी लावून रेघा मारल्यात.” डाव माझ्याकडे वळला. “यातली एक ओळ दाखव, एन्सिओ, जिच्यात आम्ही जिंकतो.”

“अगं, ही काय शर्यत आहे का?”

“मग दोन रकाने कशाला काढलेस? शर्यत नाही तर एकच काढायचास.”

“ओळी सभेने ठरवून दिल्यात, हिल्का. मी फक्त भरल्या.”

“व्यायामशाळा किती चौरस मीटर, ते भरलंस. इथलं पाच वर्षांचं पोर स्की घालून एकटं शाळेपर्यंत येतं, ते कुठे भरलंस?”

“त्याला ओळ नाहीये.”

“मुलं ताटात किती टाकतात, त्याला?”

“नाही.”

“चर्चगावात रोज दोन बादल्या भरून जातात. मी बघून आलेय. माझ्याकडे कोंबड्यांपुरतं उरत नाही, शेवटी मी त्यांना दुकानातलं घालते.” तिचं बोट ओळीओळीवरून खाली येत होतं. सातव्या ओळीवर ते आलं, क्षणभर थांबलं आणि पुढे सरकलं. हे मला नंतर आठवलं. “इमारत, सत्तर वर्षं जुनी. हो ना? तू पासष्टचा होशील. तुलाही बंद करायचं का?”

“चौदा महिन्यांनी करणारच आहेत.”

“मग तुला तरी कळायला हवं होतं. चल, आत ये, जेव. आणि दोनदा घे. एकदाच घेतलंस तर तुला ताटासकट बाहेर काढीन.”

मी दोनदा घेतलं. एकोणीस मुलं लांब बाकांवर बसून माझ्याकडे बघत होती. पिह्ला नावाची पहिलीतली एक मुलगी शेजारी सरकून मला म्हणाली, “स्वैपाकमावशी तुमच्यावर रागावलीये. पण काळजी करू नका, सुपात घालायला मोहरीची चटणी तिने दिलीये ना तुम्हाला. फार रागावली की चटणी देत नाही.”

शाळा बंद झाली तर ही पोरं रोज चर्चगावला जाणार आणि हिल्का घरी बसणार. उन्हाळ्यात तिची निवृत्ती आलीच होती. पण आपण जायचं आणि शाळा राहायची, हा तिचा हिशोब होता. तो उलटा झालेला तिला चालणार नव्हता.

मार्च संपता संपता बर्फावरचा रस्ता बंद झाला. काठावर वाट अडवणारा आडवा दांडा पडला. त्यानंतर काही दिवसांनी, साडेअकराच्या सुमारास, कचेरीत माझा फोन वाजला.

“एन्सिओ, इकडे ये जरा.”

“आत्ता? कशाला?”

“काम आहे. नऊ मिनिटांचा तर रस्ता. बटाटे उकडायच्या आत पोचशील.”

मी कोट चढवला. टेबलावरचे कागद सरळ केले, बाहेर येऊन गाडीत बसलो आणि किल्ली फिरवली. सवयीने कमरेचा पट्टा लावलाच नव्हता, बर्फावर तो सोडावाच लागतो म्हणून. किल्लीवरचा हात तसाच राहिला. समोर उतारावरून तळं दिसत होतं, करडं, ठिकठिकाणी पाणी साचलेलं. काठावर तो आडवा दांडा.

मी गाडी बंद केली.

आमच्याकडे कुणालाही विचारा, लेहतोनिएमी किती लांब? ‘सहा’ म्हणून सांगेल. मेमध्ये विचारा, ऑक्टोबरमध्ये विचारा, सहाच. बर्फाचं अंतर तेच अंतर, असं आम्ही पिढ्यानपिढ्या बोलत आलोत. तळ्याला वळसा घालून जाणाऱ्या रस्त्याला आम्ही नुसतं ‘फिरून’ म्हणतो, आणि तो किती आहे हे कुणी कुणाला सांगत नाही, कारण सगळे तिथून जातातच. दुकानात महिनाभर तो तक्ता लटकत होता. शंभर माणसांनी वाचला. एकालाही खटकलं नाही. मी स्वतः तर लेहतोनिएमीचा. मोठ्या शाळेत जायला लागलो तेव्हा बर्फ मोडायच्या दिवसांत मला चर्चगावात मावशीकडे तीन-तीन आठवडे ठेवत, कारण त्या काळात होडीही चालत नाही आणि बर्फही धरत नाही, आणि रोज फिरून जाणं जमणारं नव्हतं. मावशीच्या ओट्यावर बसून मी आपल्या घराचा धूर बघत असे. हे सगळं मला ठाऊक होतं आणि मी लिहिलं, नऊ मिनिटं.

पट्टा लावला आणि फिरून निघालो. बर्फ वितळायच्या दिवसांत रस्त्याखालचं पाणी गोठून-वितळून डांबर फुगतं, खचतं. चाळीसच्या वर गाडी नेता येत नाही. एक्केचाळीस किलोमीटर. शाळेच्या पायरीवर हिल्का भिंतीवरचं घड्याळ काढून मांडीवर घेऊन बसली होती.

“एक तास सात मिनिटं. साठीनंतर माणूस सावकाश चालवतो हे कबूल, पण इतकं?”

“कळलं मला. गाडीतच कळलं.”

“मलाही आज सकाळीच कळलं, तुला एकट्याला काय बोलू. पाववाला नवाला येतो तो आज पावणेअकराला आला. आल्या आल्या रस्त्याला शिव्या. मी म्हटलं, अरे फिरून आलास का? तो म्हणाला, नाही, पोहत आलो. मग तारीख लिहायला कोठीत गेले आणि पेन्सिल हातातच राहिली.”

तिने मला कोठीत नेलं. कोठीचं दार आतल्या बाजूने, वरपासून गुडघ्यापर्यंत, पेन्सिलीने भरलं होतं. प्रत्येक वर्षाला एक ओळ : रस्ता उघडला ती तारीख, बंद झाला ती तारीख. एकतीस वर्षं. कधी अकरा जानेवारी ते दोन एप्रिल. कधी पाच फेब्रुवारी ते वीस मार्च. आणि तीन वर्षांपुढे नुसतं ‘झाला नाही’. त्या हिवाळ्यांत बर्फ गाडी पेलण्याइतकं धरलंच नव्हतं.

“वडिलांची सवय,” ती म्हणाली. “माल कधी उशिरा येणार ते मला कळायला हवं ना.”

मी वही काढून सगळं उतरवून घेतलं. मग म्हणालो, “हिल्का, सातवी ओळ मी आजच दुरुस्त करतो. नवा कागद लावून टाकतो, कुणाला पत्ताही लागणार नाही.”

“हेच तर नकोय मला! चूक महिनाभर दुकानात टांगून ठेवलीस आणि दुरुस्ती गुपचूप? पंधरा तारखेला सभा आहे ना? तिथे सांग, सगळ्यांच्या तोंडावर.”

“माझी अडतीस वर्षांत एकही...”

“तुझी अडतीस वर्षं एका बाजूला आणि ही एकोणीस मुलं एका बाजूला. बोल, कुठला रकाना?”

मी वही मिटून खिशात टाकली.

“आणि जाताना ओसरीतल्या पेटीतला स्क्रूड्रायव्हर देऊन जा,” ती म्हणाली.

पंधरा एप्रिलला पालिकेची सभा भरली. एकवीस सभासद. अध्यक्ष रेइनो पुल्का, लाकडाचा व्यापारी, मोठ्या आवाजाचा. शेजारी शिक्षणप्रमुख मार्केता हुव्हारिनेन, जी कुणाच्या बाजूने आहे ते चेहऱ्यावरून कधी कळत नाही. मागे प्रेक्षकांच्या खुर्च्या. सभा सुरू होऊन पाच मिनिटं झाली असतील, दार उघडलं आणि त्यातून दुसरं दार आत आलं. एका बाजूने लौरीने धरलेलं, दुसऱ्या बाजूने हिल्काने. दोघांनी ते भिंतीला टेकवलं. लौरी जाऊन बसला. हिल्का दाराला हात लावून उभी राहिली.

रेइनोने चष्मा काढला. “हे काय आहे?”

“दार.”

“ते दिसतंय. हिल्का, नियम तुला माहीत आहे. प्रेक्षकांना सभेत बोलता येत नाही.”

“मी कुठे बोलतेय? मी दार धरून उभी आहे. सोडलं तर पडेल.”

“ते बाहेर ने.”

“का? शाळा पालिकेची, दार शाळेचं. पालिकेचं दार पालिकेच्या सभागृहात आणायला कुणाची परवानगी लागते ते सांग, मी रांगेत उभी राहते.”

कुणीतरी खोकल्यासारखं करून हसलं. रेइनोने ते काम माझ्यावर ढकललं. “एन्सिओ, तक्ता वाच. लवकर.”

मी उभा राहिलो. पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली. आवाज ठीक होता. सातवीला आलो.

“अंतर, सहा किलोमीटर चारशे मीटर. वेळ, नऊ मिनिटं. ही नोंद चुकीची आहे. चूक माझी आहे. मी फेब्रुवारीत बर्फावरून मोजलं.”

रेइनो म्हणाला, “अरे, पण सहाच आहे ना? सगळ्यांना माहीत आहे, सहा आहे!”

“मग आज ये ना सहा किलोमीटरने,” हिल्का म्हणाली. “मी लौरीला सांगते, जाळं घेऊन थांब.”

या वेळी हसू दाबायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. रेइनोच्या मानेवर लाली चढली, पण तोही तळ्याकाठचा माणूस आहे. त्याच्या डोक्यात आता काय चाललंय ते मला दिसत होतं. तो लाकडाचे ट्रक कुठल्या महिन्यात कुठून नेतो, ते तो आठवत होता.

मी दारापाशी गेलो आणि वरून वाचायला सुरुवात केली. वर्ष, उघडला, बंद झाला. एकतीस ओळी. मध्येच कुणी म्हणालं, पुरे. हिल्का म्हणाली, “पुरे कसं? तक्ता पूर्ण वाचतात.” आणि मी पूर्ण वाचला. सरासरी मी काढून ठेवली होती. वर्षाला साधारण अडुसष्ट दिवस रस्ता चालतो. सुट्या वगळल्या तर शाळेचे पंचेचाळीस. शाळा भरते एकशे नव्वद दिवस. उरलेले सगळे दिवस फिरून.

मार्केताने एवढ्या वेळात पहिल्यांदा तोंड उघडलं. “तेरा वर्षांखालच्या मुलांचा जाण्यायेण्याचा वेळ, वाट बघणं धरून, दिवसाला अडीच तासांच्या वर जाता कामा नये, असा कायदा आहे. तो मोजला आहे का?”

“नाही,” मी म्हणालो.

“मग आपण कशावर मत देणार आहोत?”

विषय परत तयारीसाठी पाठवला गेला. माझा पहिलाच. बाहेर पडताना रेइनो मला म्हणाला, “शाळेची मालमत्ता हलवल्याबद्दल तिला पत्र काढावं लागेल.”

“काढ की,” हिल्का मागून म्हणाली. “मी त्यावर ‘वाचलं’ लिहीन.”

पुढच्या सोमवारी आम्ही मोजायला निघालो. शाळेच्या टॅक्सीचा चालक ताइस्तो, मी, आणि हिल्का, जिला कुणी बोलावलं नव्हतं. सगळ्यात लांबच्या घरापासून, म्हणजे पिह्लाच्या. घरच्यांच्या परवानगीने पिह्लालाही घेतलं. दप्तर, टोपी, सगळं खरं. सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी गाडी हलली. वाटेत प्रत्येक मुलाच्या फाट्यावर थांबायचं, दार उघडायचं, एक मूल चढायला लागतं तेवढा वेळ थांबायचं आणि दार लावायचं. ताइस्तोला हा पोरखेळ वाटत होता.

“इथे कुणी नाहीये, जाऊ का पुढे?”

“थांब. वेल्लामोचा धाकटा बूट विसरतो नेहमी. अर्धा मिनिट दे त्याला.”

पुढे सरळ रस्ता लागला तसा ताइस्तोने वेग वाढवला.

“रोज असा चालवतोस?” हिल्काने विचारलं.

“आज मोजायचंय म्हणून...”

“मोजायचंय म्हणूनच रोजच्यासारखी चालव. तुझ्या मर्दुमकीचा रकाना नाहीये.”

चर्चगावच्या शाळेच्या फाटकाशी पोचलो तेव्हा आठ वाजून चोवीस मिनिटं झाली होती. एक तास एकोणीस. परतीचंही तेवढंच, अधिक पहिलीची मुलं लवकर सुटतात म्हणून गाडीची वाट बघायची वीस मिनिटं. दोन तास अठ्ठावन्न. पिह्ला हिल्काच्या दंडावर डोकं ठेवून झोपली होती. गाडी थांबली तशी जागी झाली, खिडकीतून फाटक बघितलं आणि विचारलं, “आता शाळेत जायचं ना? आपल्या?”

मी नवा तक्ता केला. त्यात बारा ओळी होत्या. बारावी कुणी सांगितली नव्हती : ‘बर्फावरचा रस्ता सुरू असण्याचे दिवस, मागील एकतीस वर्षे. स्रोत : लेहतोनिएमी शाळेच्या कोठीचे दार.’ मार्केताने ‘स्रोत’ शब्दावर पेन्सिल टेकवली, माझ्याकडे बघितलं आणि पान उलटलं.

मेच्या अखेरीस मतदान झालं. कायद्यातून वाट काढायची एक सूचना आली, लहान मुलं लेहतोनिएमीला ठेवू, वरच्या तीन इयत्ता हलवू. हिल्का त्या दिवशी दार न आणता आली होती. नुसती पहिल्या रांगेत बसून सूचना मांडणाऱ्याकडे एकटक बघत होती. शाळा जशी आहे तशी ठेवायला अकरा हात वर आले. विरोधात दहा. अकरावा हात रेइनोचा होता, आणि तो खूप हळू वर आला.

सभा संपल्यावर तो तिच्यापाशी आला. “झालं मनासारखं? आता तरी खूश?”

“खूश कशाला? जे होतं ते राहिलं.”

“पाच वर्षांनी हा विषय पुन्हा येईल, सांगून ठेवतो.”

“मग दारही पुन्हा येईल. तेव्हा तू एका बाजूने धर, लौरीची पाठ दुखली.”

शाळेला सुट्टी लागली त्या दिवशी मी लेहतोनिएमीला गेलो. दीड महिना दार मोकळ्या कोठीबाहेर भिंतीला टेकून उभं होतं. मी खालून उचलून धरलं, हिल्काने बिजागऱ्या बसवल्या. एक स्क्रू सापडेना. तिने माझ्या खिशाला अडकवलेलं पेन मागितलं, त्याच्या टोकाने दुसऱ्या भोकातली धूळ काढली आणि पेन परत दिलं, वाकलेलं.

“निवृत्तीचा अर्ज दिलास का?” मी विचारलं. मुदत त्याच आठवड्यात संपत होती.

“फाडला.” ती स्क्रू पिळत होती. “या हिवाळ्यात रस्ता कधी उघडतो ते कोण लिहिणार? माझ्या जागी नवीन येणारी पोरगी फोनमध्ये लिहील. फोन कसा उचलून नेणार सभेत, एकवीस जणांना दिसणारही नाही.”

दार बसलं. एकदा उघडून, एकदा लावून बघितलं. खाली जरासं घासत होतं. तिने कानामागची पेन्सिल काढली आणि खाली वाकली. एप्रिलपासून अर्धी राहिलेली ओळ तिथे होती, नुसतं वर्ष आणि ‘उघडला’. तिने पुढे लिहिलं : तीस मार्च.

“रेघ सरळ नाही आली,” मी म्हणालो.

“पट्टी घरी ठेव तुझी.” ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि वेलदोड्याचे दोन गोड पाव कागदात गुंडाळून माझ्या हातात कोंबले. “चल, नीघ आता. फिरून जायचंय तुला.”